शब्बाथचं शिजवलेलं

रहामीममामांच्या लाडक्या हिब्रू स्तोत्रावरून गेऊलाने संगीत रचलं, शब्दांवाचून, नुसत्या चेलोसाठी. वाजवणार मी. पहिली तालीम ऐकायला मामा स्वतः आले होते. आमच्या जेरुसलेममधल्या सभास्थानात हिवाळ्यातल्या शब्बाथला, शनिवारच्या त्या सगळं काम वर्ज्य असलेल्या दिवशी, पहाटे स्तोत्रं गाणारे ते हेच. घशाच्या ऑपरेशनने त्यांचा आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. भाचीचा अभिमान मात्र तोंडभर होता.

तिसऱ्या ओळीत मध्येच एक लांब थांबा लिहिलेला होता. मी तो घेतला आणि मामांनी हात वर केला.

"हा कुठून आणलास गं?"

"तुम्ही तिथे थांबायचात ना, मामा."

"एकदाच थांबलो होतो. तुझी मामी गेली त्या हिवाळ्यात. हुंदका गिळला होता मी. आणि तुझ्या एवढं लक्षात राहिलं? बाजारात गेलीस की मीठ विसरून येतेस तू!"

गेऊलाचा चेहरा पडला. तिने थाप मारली असती तर मी खुशाल री ओढली असती, मी काही संत नाही. पण ती रडायलाच लागली.

"मी रेकॉर्ड केलं होतं, मामा. फोन पिशवीत लपवून. शब्बाथला! तुम्ही जन्मात त्या दिवशी साधा दिवा लावला नाहीत, आणि मी तुमचंच गाणं चोरलं. त्यावरच हे सगळं रचलंय. मला माझीच शिसारी येते."

मामा खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे माझा आवाज आहे तुझ्याकडे?"

"आहे. आत्ता पुसते."

"थांब, शहाणे. शब्बाथला मुद्दाम शिजवलेलं कुणी खायचं?"

शब्बाथला चूल पेटवायची नाही, आणि कुणी पेटवलीच तर काय, हे आम्ही सगळ्यांनीच लहानपणी घोकलेलं. ती पुटपुटली, "शिजवणाऱ्याने कधीच नाही. बाकीच्यांनी शब्बाथ सुटल्यावर."

"मग दे इकडे."

तिने फोन दिला आणि कुणी न सांगताच बाहेर गेली. आत म्हातारा स्वतःच्या आवाजाबरोबर ओठ हलवत बसला.

कार्यक्रमाला मामा पहिल्या रांगेत होते. टाळ्या थांबेनात, लोक रचणारीला बोलवू लागले. मी तिला शोधत बाहेर आलो. गेऊला पायऱ्यांवर बसली होती, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून. मी खांद्याला हात लावला तेव्हा तिने ते काढले.

"कसं झालं रे?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं, तर तिच्या तोंडी त्या शिजवलेल्याचा घासच दिल्यासारखं झालं असतं.