कळंबोलीत उतरलेलं नॅट

रविवारी सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे इसाकभाई घाईघाईनं दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, सार्जंटसाहेब कुठायत? त्यांना सांगा, माझ्या यार्डात विमान आलंय!"

इसाकभाई मूळचे म्हसळ्याचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचा सळया-पत्र्यांचा धंदा होता, आणि थट्टा करायची त्यांना भारी खोड. म्हणून मी नुसती हसले. पण आमचे हे तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"कसलं विमान?"

"लढाऊ. जुनं. कोकणातल्या एका शाळेला भेट मिळालंय, गेटासमोर ठेवायला. ट्रेलरचं बेअरिंग गेलं म्हणून काल माझ्याकडं लावलंय. ड्रायव्हर म्हणतो, नॅट का फॅट असं कायतरी नाव आहे."

अर्धी दाढी तशीच राहिली. टॉवेलनं तोंड पुसून हे शर्ट शोधायला लागले.

माझे यजमान, कृष्णात, कोरेगावकडचे. एअर फोर्समध्ये ते एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाचा सांगाडा, पंख, चाकं सगळं ठाकठीक ठेवणारे. निवृत्तीनंतर रबाळ्याच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही वाशीत आलो. पण यांचं मन राहिलं ते नॅटपाशीच. लग्न झाल्यापासून मी ते नाव इतक्यांदा ऐकलं होतं, की माहेरच्या माणसांची नावंही तितकी कानावर पडली नसतील. पासष्टच्या लढाईत नॅटनं काय केलं, एकाहत्तरच्या लढाईत काय केलं, सगळं मला पाठ. बघितलं मात्र कधीच नव्हतं. धावपट्टीजवळ बायकांना कोण सोडतंय? एकदा दिल्लीला पालमचं संग्रहालय बघायला गेलो, तर राजलक्ष्मीला, आमच्या मुलीला, दारातच उलटी झाली. हे आत, आम्ही दोघी बाहेर नळावर.

त्यामुळे या वेळी मी म्हटलं, "मीही येते." पोहे तसेच राहिले.

कळंबोलीला पोचलो तर यार्डात ही गर्दी. ट्रकवाले, हमाल, शेजारचे व्यापारी. ट्रेलरचा ड्रायव्हर पोपट वैतागून सगळ्यांना हाकलत होता. "सकाळपासनं तिघांनी किलोचा भाव इचारला," तो म्हणाला.

"लोखंड बाजारात उभं केल्यावर दुसरं काय इचारणार?" इसाकभाई म्हणाले.

सळयांच्या थप्प्यांमध्ये ते उभं होतं. पंख काढून बाजूला बांधलेला, रंग उडालेला, नाकावर चिखल. मी इतकी वर्षं मनात केवढं तरी धूड रंगवलं होतं. हे तर जेमतेम टेम्पोपेक्षा मोठं.

"एवढंसं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आजूबाजूचे हसले. यांचा चेहरा पडला. "एवढंसं म्हणूनच तर शत्रूला दिसायचं नाही," हे घुश्शात म्हणाले आणि ट्रेलरवर चढून नाकावरचा चिखल रुमालानं पुसायला लागले. माझ्याकडं बघेनात.

पोपटनं वरची काच उघडून दिली. आता आत बसून दाखवायचं यांच्या मनात आलं. आत आसन नव्हतं, नुसती पत्र्याची बैठक. यांनी पाय घातले, गुडघे गेले, आणि कमरेपाशी गाडी थांबली. खाली जाईना, वर येईना.

"अहो, पोट आत घ्या!"

"घेतलंय!"

इसाकभाईंनी एका बगलेत आणि पोपटनं दुसऱ्या बगलेत हात घालून यांना उपसून काढलं. सगळ्या यार्डानं टाळ्या वाजवल्या. शेवटी हेही हसले आणि मला म्हणाले, "विजे, तू बस."

मी पदर खोचला आणि बसले. अंगाबरोबर मावले. दोन्ही खांदे पत्र्याला टेकत होते. समोर घड्याळं काढून नेलेल्या जागी गोल भोकं, पायांत अंधार. इतक्या अडचणीत बसून माणूस ढगांत जायचा?

"भीती नाही वाटायची त्यांना?" मी विचारलं.

हे काठावर टेकले होते. म्हणाले, "त्यांचं माहीत नाही. मला वाटायची. विमान तयार आहे असं आपण सांगायचं, ते निघून जायचं, आणि मग आपण आभाळाकडं कान लावून बसायचं. अंबाल्याला एकदा होळीच्या दिवशी माझं विमान परतलंच नाही. सगळे म्हणाले, संपलं. मी कुठला बोल्ट ढिला ठेवला, ते आठवत धावपट्टीच्या कडेला बसून राहिलो. अंधार पडल्यावर कळलं, साहेब दुसऱ्याच तळावर उतरलेत. निरोप अडकला होता. ते तिथं पराठे खात होते."

मला ती होळी चांगलीच आठवत होती. परमुलुखात मी पहिल्यांदा पुरण घातलं होतं. हे उशिरा आले, ताटाला हात न लावता भिंतीकडं तोंड करून झोपले. मी रागानं सगळ्या पोळ्या शेजारच्या पंजाबी बाईला देऊन टाकल्या आणि आठवडाभर अबोला धरला.

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? विमान तर सुखरूप होतं." मग म्हणाले, "हात थरथरत होते गं. तुला दिसू नयेत म्हणून झोपलो."

मी बसल्या बसल्या त्यांचा हात धरला. खाली तीस-चाळीस माणसं बघत होती, पण मला लाज वाटली नाही.

"वहिनी, टेकऑफ कधी?" खालून इसाकभाई ओरडले. "मागं लाइन लागलीय!"

खरंच लागली होती. मग दुपारपर्यंत हमाल, ड्रायव्हर, चहावाला, एकेक जण बसून उतरत होता आणि हे प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगत होते. इसाकभाईंच्या घरून, अख्तरुन्निसाभाभींनी वाशीहून सगळ्यांना पुरेल इतकं जेवण पाठवलं.

बेअरिंग बदलून झालं तेव्हा पोपट म्हणाला, "साहेब, शाळेत पंख बसवायला कुणीच म्हाईतगार नाय. येता का?" यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जा की. मीही येते."

सोमवारी यांनी रजा टाकली. शाळेच्या मैदानात क्रेननं पंख उचलला आणि हे खालून हातवारे करत राहिले. "अजून, अजून, बस!" पंख जागेवर बसला तशी पोरांनी एकच गिल्ला केला. मुख्याध्यापिका सुनीतीबाईंनी यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. घरी बोलायचा न थांबणारा माणूस तिथं "मुलांनो" म्हणून गप्प झाला. मग म्हणाला, "याला रोज कुणीतरी पुसत जा," आणि खाली बसला.

परतताना इसाकभाईंच्या गाडीत हे सांगत होते, की येत्या डिसेंबरात बंगळुरूला विमानांचं मोठं प्रदर्शन भरणार आहे, जगभरची विमानं येणार आहेत.

"दोन तिकिटं काढा," मी म्हटलं.

"चार काढा," इसाकभाई म्हणाले. "तुमच्या भाभीला काल विमानात बसायला मिळालं नाही. घरात फार बोलणी खाल्लीयत मी."