मागच्या रांगेतली

सविताने फ्रेम काउंटरवर आपटली. काच तडकली नाही, हेच नशीब.

"ही कोण?"

"तुमच्या आई," हितेंद्र म्हणाला. एरंडोल बसस्टँडसमोरचा स्टुडिओ त्याच्या वडिलांचा. आता कॉम्प्युटरवर तोच बसायचा. "जुन्या फोटोत चेहरा नुसता काळा ठिपका होता, ताई. मी नव्याने बनवला. मयताच्या फोटोला आम्ही फेअर करूनच देतो. आजवर कुणाची तक्रार नाही."

"मयताने कशी करावी?"

फ्रेममधली बाई गोरीपान होती, गालांवर गुलाबी झाक. सविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर आईने काळी म्हणून ऐकून घेतलं आणि गेल्यावर या शहाण्याने तिला धुऊनच काढलं.

उद्या आईचं, द्रौपदाबाईंचं पुण्यानुमोदन होतं, फोटोला फुलं वाहायची होती आणि घरात तिचा धड फोटो नव्हता. होता तो एवढाच, बालवाडीच्या उद्घाटनाचा, चाळीस वर्षांपूर्वीचा. रंगीत रोलची तेव्हा नवलाई होती. पुढे खुर्च्यांवर संस्थेच्या अध्यक्षीणबाई आणि पाहुण्या, टवटवीत. मागे उभी आई, बालवाडीची बाई, जिच्या निळ्या लुगड्यावर चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. त्यानंतर ती कधी फोटोला उभी राहिली नाही. आधार कार्डावर होती म्हणा, पण तिथे कोण माणसासारखं दिसतं?

आरडाओरडा ऐकून आतून हितेंद्रचे वडील, बन्सीलाल नाना आले. त्यांनी जुना फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हाई मीच काढेल शे."

"मग नाना, माझ्या आईचं तोंड कुठे गेलं?"

"रोल धुवाले मुंबईले जाये. तठे लॅबमा एक गोरी मडमना फोटो टांगेल राहे. तिनं तोंड बरोबर उनं का बठ्ठं बरोबर."

"म्हणजे तिच्या रंगावर सगळ्यांचे रंग लावायचे? आणि आमची तोंडं?"

"ते कोन देखे?"

म्हातारा हे अगदी सरळपणे बोलला. लाज वाटायची ती आजवर सवितालाच वाटत आली होती. लहानपणी मैत्रिणींना हा फोटो दाखवताना ती मागची रांग अंगठ्याने झाकायची. आज त्या अंगठ्याचाही तिला संताप आला.

नाना माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढून बसले. गावं आणि तारखा लिहिलेली पाकिटं त्यांनी एकेक करून चाळली. शेवटी एक तांबूस पट्टी उजेडात धरली आणि मुलापुढे ठेवली.

"फक्त तिनं तोंड धर. बाकीना जाऊ दे."

"पुढची रांग सगळी उडेल, नाना."

"उडू दे."

हितेंद्रने निगेटिव्ह स्कॅन केली आणि उजेड वाढवत नेला. अध्यक्षीणबाईंचं नाक गेलं, मग डोळे. पुढची रांग चुना फासल्यासारखी पांढरी झाली. आणि मागे, काळोखातून, चोवीस वर्षांची द्रौपदा वर आली. काळी, तुकतुकीत. ओठ घट्ट मिटलेले, कपाळाला आठ्या, नजर सरळ कॅमेऱ्यावर.

सविताने आईला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. मऊ बाई होती ती, असंच सगळे म्हणत.

नानांनी चष्मा काढला.

"फोटोना आगुदर मी तिले सांगं, बाई, तू मांगे सरक. रंगीत फोटोमा काळं माणूस येत नही." ते थांबले. "हाऊ राग मनावर शे."

तो राग तुमच्यावर नाही, असं म्हणावंसं सविताला वाटलं नाही.

हितेंद्रने घसा खाकरला. "ताई, कपाळावरच्या आठ्या तरी काढू का? उद्या पाहुणे येतील, फुलं वाहतील..."

"हात लावू नका त्या आठ्यांना," सविता म्हणाली. "आणि ही साईज नको. दारातून येणाऱ्याला आधी तीच दिसली पाहिजे, एवढी मोठी करा."

प्रिंट निघेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. नानांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ती बसली नाही.