मरळीची राखण

खुशालराव काठावर पालथे झाले आणि कोपरांनी सरकत डोहाच्या कडेशी गेले. त्यांच्यामागे चार पोरं तशीच सरकत आली. सगळ्यांचे कपडे काळ्या मातीनं माखले.

"डोकं वर काढू नका," ते हळू म्हणाले. "आपली सावली पान्यावर पडली का तिले समजते."

"कोनाले?" त्यांची नात करिश्मा कुजबुजली.

"पायशीन तं दिसन."

कधीकाळी पूर्णेनं पात्र बदललं तेव्हा हा डोह मागे राहिला होता. मोठा पूर आला तरच नदीचं पाणी त्यात शिरायचं. बरेच दिवस उघाड होती, त्यामुळे गढूळपणा खाली बसला होता. पलीकडे लव्हाळ्याजवळ कुणी मूठभर तिखट सांडावं तसं लाल काहीतरी पाण्यावर होतं. ते पांगलं, थरथरलं, पुन्हा गोळा झालं.

"पिल्लं हायेत," शेजारची प्राजक्ता म्हणाली.

"कोनाचे?" खुशालरावांनी विचारलं.

खुशालराव तसेच पडून राहिले. थोड्या वेळानं त्या लाल थव्याच्या बाजूला एक काळपट डोकं वर आलं, हवेचा घोट घेऊन खाली गेलं. पाण्यावर फक्त वर्तुळ उरलं.

"मरळ," ते म्हणाले. "दुसऱ्या मासोळ्या अंडे टाकतात अन् चालल्या जातात. मरळ जात नाई. माय-बाप दोघंबी पिल्लाईच्या खाली उभे रायतात. कोनी जवळ आलं तं अंगावर जातात. हवा घ्याले तेवढे वर येतात, ते बी थव्याच्या बाजूलेच."

पुन्हा एकदा ते डोकं वर येईपर्यंत पोरं पाण्यावर डोळे लावून राहिली.

गावातल्या भोयांची घरं या डोहावर आणि नदीवर जगत होती. चार-पाच वर्षांपूर्वी डोहातली मरळ दिसेनाशी झाली, तेव्हा सभेत खुशालरावांनीच विषय काढला होता. मृगापासून दसऱ्यापर्यंत डोहात बरची, म्हणजे मासे मारायचा भाला, घालायची नाही. मोठ्या छिद्रांचं जाळं चालेल.

"जाळ्याले डोये नसतात," ते तेव्हा म्हणाले होते. "जे सापडलं ते सापडलं. बरचीवाला पाहून मारते, अन् सगळ्यात मोठी मारते. पिल्लं राखनारी बी तेच असते."

खुद्द खुशालराव पंचक्रोशीत नाव असलेले बरचीवाले, म्हणून लोकांनी ऐकलं. बरच्या आढ्याला गेल्या. त्यानंतर पावसाळ्यामागून पावसाळे गेले, पण डोहात थवा काही दिसला नाही. लोकांनी बोलायला सुरुवात केली. पुढच्या मृगाला आम्ही बरच्या काढणार, असं तरुण पोरं तोंडावर सांगू लागली. आणि यंदा हा पहिला थवा. तो वाढला, दसऱ्यानंतर जाळ्यात बोटभर मरळी दिसल्या, तर बंदी टिकणार होती. नाहीतर नाही.

म्हणून तर ते पोरांना डोहावर आणत. आपण किती दिवस येणार? पाणी वाचणारे डोळे गावात असले पाहिजेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्राजक्ता धावत आली.

"आबाजी, पिल्लं इकडं-तिकडं होऊन राहिले."

खुशालराव गेले तेव्हा थव्याच्या चिंध्या झाल्या होत्या. काठावर दोन बगळे मान वाकवून उभे होते. खालून दुसरे मासे पिल्लांवर झडप घालत होते आणि प्रत्येक झडपेसरशी लाल रंग थोडा कमी होत होता. ते बराच वेळ पडून राहिले. काळं डोकं वर आलं नाही. लव्हाळ्यातला चिखल एका जागी दाबला गेला होता, कुणीतरी तिथं न हलता उभं राहिलं होतं.

ते घरी आले. धाकट्या सुनेला, आरतीला, अकोल्याच्या दवाखान्यातून मोठ्या ऑपरेशननंतर नुकतंच घरी आणलं होतं. तिचा चेहरा अजून पांढराफटक होता. तिचा नवरा गजेंद्र उशाशी बसून तिला वाटीतून पातळ रस्सा पाजत होता. वास ओसरीपर्यंत आला होता.

खुशालराव ओसरीवर बसले. गजेंद्र रिकामी वाटी घेऊन बाहेर आला तेव्हा त्यांनी विचारलं,

"अकोटातून आनली?"

एवढं 'हो' म्हटलं असतं तरी त्यांना चाललं असतं.

"नाई," गजेंद्र म्हणाला. "तिच्या अंगात रक्तच नाई बाबा. तिची माय म्हने, मरळीचा रस्सा पाजा. अकोट पायलं, दर्यापूर पायलं, परतवाड्यालेबी फोन लावला. कुठीच भेटली नाई."

"एक राहू द्याची होती. एक असली तरी राखते."

गजेंद्रनं रिकामी वाटी या हातातून त्या हातात घेतली.

"दोन्ही?"

"पयली मारली. दुसरी पळन असं वाटलं. हाललीच नाई जागेवरून."

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पन तुले थवा कसा दिसला? तुले तं तो कधीच ओळखता आला नाई."

ओसरीच्या पायरीवर करिश्मा बरबटीच्या शेंगा सोलत होती. ती उठून उभी राहिली.

"मी सांगतलं, आबाजी. काकानं इचारलं, आबाजी काय शिकवतात म्हनून. मी सगळं बराबर सांगतलं. हवा घ्याले कुठून वर येते, ते बी."

खुशालरावांनी मान हलवली, बरोबर उत्तर आल्यावर हलवावी तशी. करिश्मा हसली. मग तिनं काकाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, आणि ती पुन्हा खाली बसली. बोटांत धरलेली शेंग तिनं सोलली नाही.

"सभेत माझं नाव घ्या," गजेंद्र म्हणाला. "मी नाकबूल करनार नाई."

बंदी घालणाऱ्याच्या घरातूनच बंदी मोडली, हे कळलं की संध्याकाळपर्यंत एकही बरची आढ्याला राहणार नव्हती. आणि आत पडलेल्या पोरीच्या ओठांवर कितीतरी दिवसांनी ओल दिसत होती, तीही त्यांनी पाहिली होती.

"कोन बोलून राहिलं?" आरतीनं आतून बारीक आवाजात विचारलं.

"कोनी नाई," खुशालराव म्हणाले. "तू नीज, बाई."

पोळ्याला सगळं गाव पारावर जमलं. मासळी विकणारी जयवंता त्यांना बघून मोठ्यानं म्हणाली, "काहो खुशालभाऊ, मरळीच्या लेकराईचं बारसं कवा हाये? पेढे तं खाऊ घालसान का नाई?"

लोक हसले. खुशालरावही हसले.

"पाहू," ते म्हणाले.

त्यानंतर ते डोहावर जायचे थांबले. पोरं रोज दारात येऊन उभी राहायची आणि ते गुडघ्याचं कारण सांगायचे. गौरी उठल्या त्या दिवशी प्राजक्तानं त्यांचा हातच धरला आणि सोडला नाही. करिश्मा मागून आली.

डोहाच्या वरच्या अंगाला गजेंद्र आणि गावातले दोघं-तिघं जाळं तुणत बसले होते. खुशालराव त्यांच्याकडे न बघता उतरले आणि या काठाच्या बाभळीखाली बसले. या वेळी त्यांनी पोरांना पालथं व्हायला सांगितलं नाही. जाळ्याच्या गाठीबद्दल ते काहीतरी सांगू लागले.

"आबाजी," प्राजक्ता मध्येच म्हणाली, "तिथं लाल काय हलून राहिलं?"

तिचा आवाज मोठा होता. वर जाळ्यावरचे हात थांबले. एकानं मान उंच केली.

"शेवाळ," खुशालराव म्हणाले. "उनात लाल दिसते."

"पन ते हलून राहिलं."

प्राजक्तानं करिश्माला कोपरानं ढोसलं. "तू सांग. तुले समजते."

करिश्मा उठली आणि पाण्याच्या कडेला गेली. तेवढ्यात त्या लाल ठिपक्यांच्या बाजूला एका दुसऱ्याच मरळीचं काळपट डोकं वर आलं, घोट घेऊन खाली गेलं. ती ज्या जागी बघत होती, नेमकं तिथंच. खुशालराव तिच्या पाठीकडे बघत राहिले.

"वारा हाये," करिश्मा म्हणाली.

वर पुन्हा जाळ्यावर हात चालू झाले.

प्राजक्तानं डोक्यावरच्या बाभळीकडे पाहिलं. एकही पान हलत नव्हतं. तिनं करिश्माकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ आबाजींकडे.

"चला," गुडघ्यावर हात ठेवून उठत खुशालराव म्हणाले, "ऊन झालं."