आवडत्या माणसाची ड्युटी

सुट्ट्या लागल्या की सगळ्या जगाला मोकळं मोकळं वाटतं आणि बस डेपोतल्या कंट्रोलरबाईंच्या डोक्याला मुंग्या येतात. यंदा रोजच्या गाड्यांवर चाळीस जादा गाड्या होत्या, ड्रायव्हर मात्र होते तेवढेच. त्यात घरी पाहुणे. खोल्या तीन, न्हाणीघर एक आणि माणसं अकरा. बाईंनी डेपोत जे केलं असतं तेच घरी केलं. वेळापत्रक आखलं आणि फ्रिजवर चिकटवून टाकलं.

आंघोळीला माणशी सात मिनिटं. नाश्ता दोन पंगतींत. जाऊबाईंनी कपडे वाळत घालायचे, एवढंच. नवऱ्यानं कशाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही. आणि धाकट्या बहिणीनं सकाळी पाचही मुलांना बागेत न्यायचं, दुपारी पोहायला न्यायचं, संध्याकाळी सासूबाईंना फिरवून आणायचं. सासूबाई दर दहा पावलांवर थांबून आपल्या गुडघ्यांचा इतिहास सांगत, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला तास लागे.

ही बहीण चार वर्षांनी आली होती, तीही सहाच दिवसांसाठी. तिच्याशी पोटभर बोलायचं, हे बाईंनी महिनाभर आधीच ठरवून ठेवलं होतं. एकदा घराचं सगळं मार्गी लागू दे, मग निवांत बसू, असं त्या रोज स्वतःला सांगत. चार दिवस उलटले तरी दोघींचं बोलणं ‘टॉवेल वाळले का’ याच्या पुढे सरकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता बाई वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून एका हातानं डेपोचा फोन आणि दुसऱ्या हातानं ड्युटीचा तक्ता सांभाळत होत्या. सहज खाली नजर गेली. तिकिटाच्या रांगेत त्यांची बहीण उभी होती. पायाशी बॅग.

गर्दीच्या वेळी कंट्रोलरनं केबिन सोडायची नसते. बाईंनी फोन सहायकाच्या हातात कोंबला आणि धडाधडा जिना उतरल्या.

“कुठे निघालीस?”

“घरी. उद्याचं तिकीट आजचं करून घेतेय. मुलं भाऊजींकडे दिलीत.”

“झालं काय? कोणी काही बोललं का तुला?”

“कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं,” बहीण म्हणाली. “ताई, तू मला बोलावलंस की कामावर ठेवलंस? जाऊबाई दुपारी झोपतात. भाऊजी पेपर वाचतात. मी एकटीच सकाळपासून पोरांच्या मागे. मी नकोशी झाले असेन तर तसं सांग ना सरळ.”

चाळीस ड्रायव्हरांना एका दमात झापणारी बाई, पण आता नुसती “अगं... अगं...” करत राहिली. बहीण नकोशी? हे तिच्या डोक्यात आलंच कसं?

बाईंच्या मागोमाग वळणवाले काका येऊन उभे होते. डोंगरातल्या दोनशे वळणांच्या रस्त्यावर गाडी चालवणारे हे डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांना ड्युटीच्या कागदावर सही हवी होती.

“मध्ये बोलतो, राग मानू नका,” ते बहिणीला म्हणाले. “मी अकरा वर्षं यांच्याकडे सपाट रस्ता मागतोय. दर वेळी डोंगरच देतात. सपाट रस्ता कुणाला देतात माहितीये? ज्याचा भरवसा नाही त्याला. बाईंना एखादं माणूस आवडलं की त्याचं कल्याण झालंच म्हणून समजा.”

बहिणीनं ओठ दाबून धरले. “म्हणजे जाऊबाई?”

“सपाट रस्ता,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

“आणि भाऊजी?”

“त्यांना तर मी गाडीच दिलेली नाही.”

मग मात्र बहिणीला हसू आवरेना. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. रांग पुढे सरकली, ती तिथेच राहिली.

“मग मला आजपासून नावडती कर,” ती डोळे पुसत म्हणाली.

काकांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. “बाई, पाच तास झाले की आम्हाला तुम्ही सक्तीनं खाली उतरवता. तुम्ही आज कधीपासून वर आहात?”

बाई पहाटे पाचपासून वर होत्या. त्यांनी सहायकाला अर्धा तास सांभाळ म्हणून कळवलं. नोकरीत पहिल्यांदाच. काकांची गाडी सुटायला वेळ होता, त्यांनी दार उघडून दिलं. दोघी शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. नवऱ्याचा फोन लागोपाठ तीनदा वाजला, मागे मुलांचा गोंधळ असणारच, पण बाईंनी मोबाइल खिशात ढकलून दिला.

“तुला पहिल्याच दिवशी सांगणार होते,” बहीण म्हणाली. “मी बदली मागितली होती. इथली. मिळाली.”

“इथली म्हणजे?”

“इथली म्हणजे तुझ्या गावातली. आता कायमची. पण आल्याआल्या फ्रिजवरचा तो कागद बघितला आणि धीरच सुटला. म्हटलं, जवळ राहायला आले तर ही मला बारा महिने असंच पळवेल. त्यापेक्षा लांबची बहीण बरी.”

बाईंना रडू कोसळलं. आनंदाचं होतं, लाजेचंही होतं. तरी हात सवयीनं खिशाकडे गेला आणि पेन बाहेर आलं.

“हजर कधी व्हायचंय? घर बघायला हवं, सामानाला गाडी, मधे दोन दिवस...”

बहिणीनं ते पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

“ताई,” ती म्हणाली, “आधी नीट रडून घे.”