लाल ड्रॅगनची सोयरीक

केडगावच्या पुढं, कॅनॉलच्या अंगाला आण्णांचं रान. तिथं सिमेंटच्या खांबांवर चढून ड्रॅगन फ्रूटच्या निवडुंगी, हिरव्यागार फांद्या छत्रीसारख्या लोंबत होत्या. गाव त्याला नुसतं ‘ड्रॅगन’ म्हणायचं. आण्णांचं तेवढ्यावर कुठलं भागायला! यवतच्या स्टँडवर चहा पिता पिता त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आपल्या ड्रॅगनचं पहिलं फूल उमललं तेव्हा असा उजेड पडला, की केडगावातले कोंबडे अवेळी आरवले आणि मालगाडीच्या ड्रायव्हरनं सिग्नल मिळाला समजून गाडी सुसाट दौंडला नेली.

फुलं होतीही तशीच. वीतभर लांब, दुधासारखी पांढरी. सांजेला उमलायची, ऊन वर आलं की मान टाकायची. मान टाकली ते ठीक, पण चार-सहा दिवसांत पिवळी पडून देठासकट गळायची. फळ म्हणून धरत नव्हतं. सलग दुसरं साल असंच चालल्यावर आण्णांच्या बायकोनं, सरूबाईंनी पदर खोचला.

“गौरी बसायच्या आत हितं एक तरी फळ दिसलं पायजे. न्हाई तर जेसीबी बोलावते, खांबासकट उपटते आन् शेवंती लावते. नुसती फुलंच बघायची, तर शेवंतीला काटं तरी न्हाईत.”

सरूबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आण्णांचा डाळिंबाचा नाद त्यांनी असाच एका दुपारी संपवला होता.  पण ह्या काटेरी पोरींवर आण्णांचा जीव जडला होता.

रविवारी नात तेजश्री कॉलेजातून घरी आली. शेतकी शिकत होती. बाग बघून तिनं विचारलं, “आण्णा, रोपं कुठनं आणली?”

“एकच आणलं, अस्सल लाल गराचं. बाकी सगळी त्याचीच पोरं. फांदी मोडली, की खोवली.”

“तिथंच चुकलं. ही पोरं नाहीत, हे एकच झाड पन्नास ठिकाणी उभं आहे. तुमच्या ह्या लालला स्वतःचा पराग लागत नाही. त्याच कुळातली दुसरी जात लागते. पांढऱ्या गराचा ड्रॅगन असतो ना, त्याचा पराग आणून लावायचा.”

आण्णांनी मांडीवर थाप मारली. “म्हंजी एका देवकात सोयरीक जमत न्हाई, तसंच की!”

“अगदी तसंच.”

“आन् आमी दोन सालं बहिणी-बहिणींचीच लग्नं लावत बसलोय! पांढरा मिळंल कुठं?”

 पांढरा कुठं आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. नदीपल्याड, मांडवगण फराट्याला, सरूबाईंच्या थोरल्या भावाच्या, मारुतरावांच्या मळ्यात. आणि त्याच पांढऱ्याला आण्णांनी स्टँडवर चारचौघांत ‘भिजल्या कागदाची चव’ म्हटलं होतं. तेव्हापासून मारुतराव ह्या उंबऱ्याला आले नव्हते.

पुढच्या बहराच्या कळ्या फुगल्या. गौरीला महिनाच उरला होता. फुलं उमलली त्याच रात्री, उजाडायच्या आधीच नातीच्या स्कूटीवर मागं बसून, खिशात ब्रश आणि कुंकवाची रिकामी डबी घेऊन आण्णा नदी ओलांडून गेले. मारुतराव अंगणात मिश्री लावत बसले होते. मागं पांढऱ्याची फुलं अजून टवटवीत होती.

“रामराम, मारुतराव.”

“रामराम. बसा. चा टाकायला सांगतो.”

“चा ऱ्हाऊ द्या. ऊन चढलं की फुलं मिटत्याल. वाईच पराग न्यायचा हुता.”

“सरूनं कळवलंय. म्हंजी तुमी मुलीकडचं.” मारुतरावांनी निवांत चूळ भरली. “मुलीकडच्यांनी घाई करून कसं चालंल? आमचा पोरगा हाय. मानपान न्हाई? टॉवेल-टोपी न्हाई?”

आण्णांनी पूर्वेकडं बघितलं. तांबडं फुटलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी मारुतरावांच्या डोक्यावर ठेवली. खांद्यावरचा टॉवेलही दिला.

“आन् मुलगा दिसायला-चवीला कसा हाय, ते एकदा तुमच्या तोंडनं होऊ द्या.”

हजार थापा ज्यांच्या जिभेवरून लोण्यासारख्या घसरल्या, त्या आण्णांच्या घशात हे एक खरं वाक्य आडवं आलं.

“गोड हाय,” ते पुटपुटले.

“नदीच्या वाऱ्यानं ऐकू न्हाई आलं.”

“गोड हाय! मागल्या साली तुमी पाठवलेलं मी एकट्यानं खाल्लं, सरूलासुदिक दिलं न्हाई!”

मारुतराव असे हसले, की टोपी नाकावर आली. मग स्वतःच उठून त्यांनी फुलं वाकवून धरली.

सूर्य वर यायच्या आत आण्णा परतले आणि डबीतला पिवळा भुगा एकेका फुलाला ब्रशनं लावत सुटले. सरूबाई बांधावरून बघत होत्या. “मंगलाष्टका तरी म्हणा,” त्या म्हणाल्या. आण्णांनी म्हटल्या.

आठवडा गेला. फुलं सुकली, पण देठ हिरवा राहिला. मग देठामागची गाठ फुगली, गुलाबी झाली आणि गौरी जेवायच्या दिवशी सरूबाईंनी पाच लालबुंद फळं गौरीपुढं मांडली. जेसीबीचं नाव कुणी काढलं नाही.

जेवायला मारुतराव आले. एक फळ कापलं. आतून रक्तासारखं लाल.

“तोंडावळा आईचा,” मारुतराव म्हणाले. “पर नाव आमचंच लागणार.”

“कसं लागंल? पोरगी नांदायला कुठं आली तुमच्याकडं? तुमचा पोरगा घरजावई हाय!”

“बरं झालं म्हणालात.” मारुतरावांनी पिशवीतून आण्णांची टोपी काढली. तिच्यात पांढऱ्याची हातभर फांदी गुंडाळली होती. “हा घ्या, कायमचाच ठिवून घ्या.”

“टोपीचं आन् चवीचं मीच सांगितलं हुतं दादाला,” सरूबाई पुरणपोळी वाढता वाढता म्हणाल्या. “पराग फुकट दिला असता, तर तुमी कवा खरं बोलला असता?”

आण्णांनी खुशीत टोपी डोक्यावर चढवली आणि ओरडून उठले. तीत काटे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी यवतच्या स्टँडवर त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं: डबी, ब्रश, मंगलाष्टका. एकानंही विश्वास ठेवला नाही. मग आण्णा म्हणाले, की फांदीला टोपीतच मुळ्या फुटल्या, म्हणून डोकं खाजतंय.

“असंल, असंल,” लोक म्हणाले, आणि चहा मागवला.