गोणपाटाखालचा बोर्ड

भरदुपारी एक ट्रक नारिंगी शंकू उडवून गेला आणि गाड्यांना बावटा दाखवणाऱ्या बाईचा नवरा हातभर अंतरानं वाचला. तो पाठमोरा वाकून रस्त्यावर गरम डांबर पसरत होता; त्याला कळलंसुद्धा नाही. तिनं मात्र सगळं पाहिलं. आधी ती जागीच थिजली, मग तिचं डोकंच फिरलं.

ट्रक पुढच्या पंपावर थांबलेला दिसताच तिनं लाल बावटा सोबतिणीच्या हातात कोंबला आणि तरातरा तिकडे गेली.

“डोळे फुटले का तुमचे? ‘पुढे काम चालू, हळू चालवा’, दाराएवढा बोर्ड दिसत नाही?”

पिकल्या मिशांचा ड्रायव्हर खजील झाला. “दिसतो ना, पोरी. रविवारी दिसला, गाडी हळू केली, तर इथं चिटपाखरू नाही. परवा संध्याकाळीही तेच. मग म्हटलं, हा आपला उगीच उभा असतो.”

बोर्ड मांडणं-काढणं तिचंच काम होतं. रोज कोण उचलणार, म्हणून सहा महिने तिनंच तो तसाच उभा सोडला होता. आपल्याच आळसानं आज आपलं कुंकू पुसलं असतं!

“काम नसेल तेव्हा बोर्ड झाकायचा,” तिनं परत येऊन मुकादमाला सांगितलं.

“वहिनी, एवढी पायपीट कोण करणार?”

“मी. पाय माझे, नवरा माझा. तुमचं काय जातंय?”

मग जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी, काम थांबलं की ती बोर्डावर गोणपाट बांधायची आणि काम सुरू झालं की सोडायची. सगळे हसायचे. नवरा तर म्हणाला, “मला कधी इतक्या मायेनं पांघरूण घातलं नाहीस.”

“तो बोर्ड आता खरं बोलतो. तू बोलतोस का?”

पहिल्या आठवड्यात आणखी एक शंकू उडाला. त्या दिवशी ती रडली, पण गोणपाट बांधायचं थांबवलं नाही. हळूहळू रोजचे ड्रायव्हर लांबूनच वेग कमी करायला लागले. महिन्याभरानं तर मुकादम स्वतःच गोणपाट घेऊन निघाला. तिनं काही टोमणा मारला नाही. जिभेवर आला होता, पण नाही मारला.

एकदा दुपारी त्याच पिकल्या मिशांच्या ड्रायव्हरचा ट्रक आला. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. “बोर्ड उघडा दिसला, पोरी. म्हटलं, माणसं आहेत.”

“आहेत ना,” ती म्हणाली.

नवरा पाठमोरा वाकून डांबर पसरत होता. ट्रक त्याच्या बाजूनं पायी चालल्यासारखा सावकाश गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.