राहून गेलेलं झाड

पिवळी, पिकून मऊ झालेली लिंबोळी... बुटाच्या टोकाला चिकटलेली. नोएलीननं ती बोटानं काढली, चोळली, बी निसटली आणि सवयीनं तिनं ती खिशात टाकली – बी खाली पडू द्यायची नाही, हे रेंजरच्या कामात अंगवळणी पडलेलं. मग तिचं तिलाच हसू आलं. वर अख्खं झाड लगडलेलं, आणि ही बाई एक बी खिशात घालून ओढा वाचवणार.

ओढ्याला आता जिकडेतिकडे कडुनिंबच, मूळचं ह्या मातीतलं नसलेलं झाड. पाखरांनी बिया नेल्या, पुरानं पसरवल्या, आणि त्यांच्या गर्दीत केवड्याची बनं पिवळी पडत चालली – ज्यांच्या पातींच्या टोपल्या विणत आई इथे, ह्याच बुंध्याशी... आई म्हणायला हरकत नव्हती, नाव तेवढं घ्यायचं नाही. गेलेल्याचं नाव घेतलं की ते वाटेवरून मागे वळतं.

पाण्याकडे तोंड करून डल्सीमावशी, आईची धाकटी बहीण, वाडवडिलांना मोठ्यानं सांगत होती, "आम्हीच आलोय बरं का, तुमचीच लेकरं. कुऱ्हाड बघून बिचकू नका." मग मागे वळून, "आणि तू काय गं, झाडाशी सोयरीक जुळवायला आलीस?"

नोएलीन हसली नाही. आई गेली तेव्हा रीतीप्रमाणे घराला धूर दिला होता. तिची घोंगडी, टोपल्या, चहाचा काळाकुट्ट डबा, सगळं जाळलं होतं. मावशीनं झाडाकडे बोट केलं होतं – तेही, तिच्या हातानं लावलेलं आहे. आणि नोएलीन आडवी आली होती. सावलीला कुणी जाळतं का? मग रीतीप्रमाणे वस्ती सोडली, वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही, आणि झाड एकटंच फळत राहिलं. एक तोडलं असतं तर... मावशी एकदाही 'मी तेव्हाच सांगितलं होतं' म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"मी पाडू खाचा?" मावशीनं कुऱ्हाडीकडे हात केला.

"नको. मीच पाडते."

बुंध्याभोवती खाचा पाडल्या, प्रत्येकीत झाड मारायचं औषध सोडलं. काहीच झालं नाही. पानं तशीच सळसळत होती. झाडाला कळायला अजून काही दिवस लागणार होते.

"चल, चहा झालाय. शेपूटही भाजत आलीय." निखाऱ्यांत कांगारूची शेपूट परतत मावशी म्हणाली, "इकडे उन्हात ये. तिथे नको बसू."

पण ती बुंध्याशी बसली होती. वाटलं होतं, रडू येईल; आलं नाही. उलट काहीतरी थंडपणे उमगत गेलं – नाव ओठांवर येऊ नये म्हणून इतकी वर्षं जपलं, आणि हे झाड राखून आपण तिला रोज हाकच मारत होतो... जाऊ दिलं नाही तिला. बिचारी इथेच बसून राहिली असेल, आपली बनं सुकताना बघत.

मावशीनं पुन्हा हाक मारली. नोएलीनला सावलीतून उठवत नव्हतं.